आओगाशिमा: परतायला लागलेली पन्नास वर्षं

टोक्योपासून दक्षिणेला सुमारे 358 किलोमीटरवर, भर समुद्रात असूनही आओगाशिमा हे बेट टोक्यो महानगरातच मोडतं. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा टोक्योतल्या शिनागावाचं नाव असतं. क्षेत्रफळ जेमतेम 6 चौरस किलोमीटर आणि वस्ती 170च्या आसपास. जपानमधलं सर्वांत कमी लोकसंख्येचं गाव ते हेच.

बेट म्हणजे ज्वालामुखीचा समुद्राबाहेर आलेला माथा. चहूबाजूंनी उभे कडे, सर्वांत उंच जागा 423 मीटर. आत सुमारे दीड किलोमीटर रुंदीचं विवर आहे, त्याचं नाव इकेनोसावा. या विवराच्या मधोमध मारुयामा नावाची लहान टेकडी दिसते. ही टेकडी अठराव्या शतकातल्या उद्रेकांत तयार झाली. त्याआधी विवरात तळी होती आणि लोक तिथे शेती करत.

1780च्या उन्हाळ्यात भूकंपाचे धक्के बसू लागले, तळ्यांचं पाणी तापलं. 1783मध्ये जळते दगड आणि राख पडून घरं खाक झाली. 18 एप्रिल 1785 रोजी पुन्हा उद्रेक सुरू झाला आणि तो मे अखेरपर्यंत थांबला नाही. बेटावर तेव्हा 327 माणसं होती. उत्तरेला सुमारे 70 किलोमीटरवर असलेल्या हाचिजोजिमा बेटाहून होड्या आल्या, पण सगळे त्यांत मावले नाहीत. जवळपास 200 लोक वाचून हाचिजोजिमाला पोचले. मागे राहिलेले 130 ते 140 जण मेले, आणि बेट ओस पडलं.

उद्रेक काही आठवड्यांत शमला. मग परतायला अर्धं शतक का लागलं? याचं उत्तर समुद्रात आहे. आओगाशिमाला उपसागर नाही, खाडी नाही. खुल्या समुद्राची लाट थेट कड्यावर आपटते, त्यामुळे होडी लावायला शांत दिवसाची वाट पाहावी लागते. त्यात हाचिजोजिमाच्या आसपास कुरोशियो हा जोरदार सागरी प्रवाह वाहतो. वारा फिरला की शिडाची होडी भलतीकडेच जाते. जमीन साफ करायला गेलेल्यांना धान्य, बियाणं, अवजारं याच मार्गाने पोचवावी लागत. एक फेरी चुकली की तिथले लोक उपाशी. उगवलेलं पीक उंदरांनी फस्त केलं, तेही एकदाच नव्हे. 1797मध्ये गावप्रमुख सांकुरो यांची होडी वादळात सापडली आणि त्यात त्यांच्यासह अनेकांचा जीव गेला. त्यानंतर बरीच वर्षं बेट पुन्हा वसवण्याचं काम जवळजवळ थंडच पडलं.

1817मध्ये सासाकी जिरोदायु गावप्रमुख झाले. त्यांचं मोठेपण मला त्यांच्या धाडसापेक्षा नियोजनात दिसतं. सगळ्यांना एकदम न्यायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं. धडधाकट माणसांनी पुढे जाऊन वाटा आणि शेतं तयार करायची, बाकीच्यांनी हाचिजोजिमावर राहून त्यांना रसद पुरवायची. पिकावर भागेल तेवढीच माणसं टप्प्याटप्प्याने न्यायची. 1824पर्यंत लोक परतले. 1835मध्ये जमिनीची मोजणी होऊन गाव पुन्हा करपात्र ठरलं, तेव्हा पुनर्वसन अधिकृतपणे पुरं झालं. कर लागू होणं ही तिथे आनंदाची बातमी होती!

जमिनीतली उष्णता अजून शाबूत आहे. विवरात जागोजागी वाफ निघते, तिला स्थानिक लोक 'हिंग्या' म्हणतात. या वाफेवर समुद्राचं पाणी हळूहळू आटवून मीठ काढतात. संथपणे आटत असल्याने मिठाचे खडे टपोरे बनतात. वाफेच्या भट्ट्याही आहेत. अंडी, रताळी आत ठेवायची, झाकण लावायचं आणि झडप उघडून वाफ सोडायची. घाईने झडप बंद केली तर रताळं मधे कच्चं राहतं.

गोड्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. पाऊस भरपूर, पण सच्छिद्र खडकात तो जिरून जातो, नदी बनतच नाही. म्हणून डोंगराचा एक उतार पक्का करून त्यावरचं पाणी टाकीत साठवतात आणि गाळून गावाला देतात.

समुद्राची अडचण मात्र कायम आहे. सान्पो बंदरात मासेमारीच्या होड्या पाण्यात बांधून ठेवता येत नाहीत. लाट त्यांना धक्क्यावर आपटून फोडेल, म्हणून तारेच्या पाळण्याने त्या उचलून कड्यावर ठेवाव्या लागतात. हाचिजोजिमाहून बोट सुमारे तीन तासांत येते, पण लाटांमुळे फेऱ्या वारंवार रद्द होतात. 9 आसनी हेलिकॉप्टर 20 मिनिटांत पोचवतं, मात्र धुक्यात तेही अडकतं. दळणवळणाच्या याच अडचणीमुळे इथल्या लोकांना राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत देता आलं ते 1956मध्ये.