गांधारची वाकडी चांदी: हखामनी साम्राज्याचा सरहद्दीचा प्रांत आणि त्याचे नाणे
(प्राचीन नाणी घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

या नाण्यावर राजाचे नाव नाही, चेहरा नाही, एकही अक्षर नाही. होडीसारखी वाकलेली चांदीची लांबट पट्टी आणि तिच्या दोन टोकांना एकेक ठसा, एवढेच. बाजारात तिला ‘बेंट बार’ म्हणतात, जुन्या जाणकारांच्या तोंडी ‘शतमान’ असते. अशा मुक्या नाण्यावर पैसे घालण्याआधी ते कुठल्या प्रांतात आणि कसल्या कारभारात चालले हे माहीत हवे. बनावट नगांपैकी निम्मे तरी तेवढ्यावरच उघडे पडतात. म्हणून आधी प्रांताची माहिती देतो, मग नाण्याची.

प्रांत कुठला?

गांधार म्हणजे आजच्या पाकिस्तानातले पेशावरचे खोरे, स्वात आणि काबूल नदीचा खालचा टप्पा. मुख्य शहर पुष्कलावती, म्हणजे आजचे चारसद्दा. तिथल्या बाला हिसार टेकाडाचे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५८ मध्ये केले. सिंधू ओलांडून पूर्वेला तक्षशिला. तिथले सर्वांत जुने नगर भीर टेकाडाखाली आहे, आणि आपल्या नाण्यांचा सर्वांत महत्त्वाचा साठा तिथेच सापडला.

इराणच्या हखामनी घराण्याचा पहिला सम्राट सायरस याने काबूलच्या उत्तरेची कापिशी उद्ध्वस्त केली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. पक्का पुरावा मात्र दरायस पहिला याच्या बेहिस्तून शिलालेखाचा. इ.स.पू. ५२० च्या सुमाराच्या या लेखात त्याच्या ताब्यातल्या २३ देशांची यादी आहे. त्यात गांधार आहे, गांधारच्या दक्षिणेचा थतगुशही आहे, पण हिंदुश, म्हणजे सिंधूचे खोरे, नाही. ते दरायसच्या नंतरच्या लेखांत येते. याचा अर्थ सरळ आहे: दरायस गादीवर आला तेव्हा गांधार आधीच साम्राज्यात होता आणि सिंधूखोरे त्याने स्वतः जोडले. मधल्या काळात त्याने कारियांडाच्या स्कायलॅक्स या दर्यावर्दीला सिंधूतून खाली समुद्रापर्यंत पाठवले होते. तो तिसाव्या महिन्यात इजिप्तला पोचला, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. सरहद्दीचा प्रांत दरबाराला का हवा होता, हे या मोहिमेवरून कळते: पुढचा मुलूख आणि पुढचा पाण्याचा रस्ता इथूनच सुरू होत होता.

महसुलाचा आकडाही हिरोडोटसच देतो. गांधार, थतगुश आणि आणखी दोन जमाती मिळून सातवा करविभाग, वर्षाला १७० टॅलेंट चांदी. बाबिलोनी टॅलेंट ३० किलोच्या आसपास धरला तर ही चांदी पाच टनांवर जाते. वाकड्या पट्टीच्या वजनाने (सुमारे सव्वाअकरा ग्रॅम) भागले तर साडेचार लाख पट्ट्या होतात. कर या पट्ट्यांतच भरला जाई असे आम्ही म्हणत नाही; चांदीच्या राशीचा अंदाज यावा म्हणून हा हिशेब दिला आहे. आणखी एक खबरदारी: हिरोडोटसचे करविभाग आणि दरायसच्या लेखांतल्या देशांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. लेखांत गांधार आणि थतगुश हे वेगवेगळे देश आहेत. त्यामुळे नगाच्या चिठ्ठीवर ‘सातवी क्षत्रपी’ (क्षत्रप म्हणजे सम्राटाचा सुभेदार, क्षत्रपी म्हणजे त्याचा प्रांत) असे छापलेले दिसले, तर ते हिरोडोटसचे वर्गीकरण समजावे, दरबारी नाव नव्हे.

चांदीखेरीज इथून लाकूड जाई. इराणमधल्या सुसा इथल्या राजवाड्याच्या बांधकामलेखात ‘यका’ हे लाकूड गांधार आणि कर्मानियातून (आजचे किरमान) आणल्याची नोंद आहे; बहुतेक अभ्यासक ते शिसवीच्या जातीचे मानतात. हखामनींची राजधानी पर्सेपोलिस इथल्या दरबारी जिन्यावर गांधारचे लोक वशिंडाचा बैल, ढाल आणि भाले घेऊन येताना कोरले आहेत. हा बैल आपल्याकडच्या कुणालाही लगेच ओळखू येईल. तिथेच सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर गांधारकडे आणि गांधारहून प्रवास करणाऱ्यांना वाटेतल्या ठाण्यांवर मिळालेल्या शिध्याच्या नोंदी आहेत. असा शिधा मोहोरबंद परवान्यावर मिळे. दरायसचा मुलगा झर्क्सिस याच्या ग्रीस मोहिमेत, इ.स.पू. ४८० मध्ये, गांधारची तुकडीही होती. शस्त्रे बाख्त्रियासारखी (आजचा उत्तर अफगाणिस्तान), वेताचे धनुष्य आणि आखूड भाला.

आता नाणे मुके का, याकडे वळू. साम्राज्याने इथे कर, लाकूड, सैनिक आणि रस्ता घेतला. रोजचा कारभार स्थानिक घराण्यांकडेच राहिला. अलेक्झांडरविरुद्धच्या इ.स.पू. ३३१ च्या गॉगमेलाच्या लढाईत हिंदी सैनिक बाख्त्रिया आणि अराकोशियाच्या (कंदाहारचा मुलूख) क्षत्रपांच्या हाताखाली लढले, सोबत १५ हत्ती होते. इ.स.पू. ३२७ मध्ये अलेक्झांडरची फौज आली तेव्हा पुष्कलावतीत अस्तेस नावाचा स्थानिक प्रमुख होता आणि त्याला हरवायला ३० दिवस वेढा द्यावा लागला. तक्षशिलेत आंभीचे घराणे होते. इराणी क्षत्रप या हकिकतींत कुठेच समोर येत नाही. ज्या मुलखात सम्राटाची मोहोर कागदोपत्री चाले, पण बाजार स्थानिकांच्या हातात होता, तिथल्या नाण्यावर वजन सांभाळले गेले आणि चेहरा आला नाही. आमच्या मते या नाण्याचे खरे मोल इथेच आहे.

नाणे: मापे आणि खुणा

पट्टी साधारण २५ ते ४५ मिलिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद असते. वजन ११ ते ११.५ ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याहून (११.६६ ग्रॅम) किंचित कमी. झिजलेला नग साडेदहापर्यंत उतरतो. दहाच्या खाली गेलेला नग कातरलेला किंवा संशयास्पद धरा. ठसा एकच, दोन्ही टोकांना मारलेला: मध्ये ठिपका आणि भोवती सहा-सात दांड्या. ठसे नेहमी आतल्या, खोलगट बाजूवर असतात. पाठ कोरी असते.

वजनाविषयी दोन मते आहेत. एक, हे १०० रत्तींचे देशी माप; पाणिनी, जो गांधारातल्याच शलातुरचा, शतमानाचा उल्लेख सूत्रात करतो (५.१.२७). दुसरे, हे इराणी चांदीच्या नाण्याचे, सिग्लॉसचे, दुप्पट. सिग्लॉस सुमारे साडेपाच ग्रॅमचा असे. दोन्ही हिशेब ११ च्या आसपास येतात, म्हणून वाद मिटत नाही. आम्हाला स्वतःला वाटते की सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याला दोन्ही तराजूंत चालणारे वजन हवेच होते.

सोबत चालणारी छोटी नाणी गोल, वाटीसारखी खोलगट, एका ठशाची. पट्टीचा आठवा भाग, वजन १.४ ग्रॅमच्या आगेमागे. काबूलच्या बाजूच्या पट्ट्या जास्त आखूड आणि रुंद असतात, त्यांवरचे ठसेही वेगळे.

काळ ठरतो तो साठ्यांवरून. काबूलजवळ चमन-इ-हजूरी इथे १९३३ मध्ये सुमारे हजार नाण्यांचा साठा निघाला: अथेन्स, एजायना अशा ग्रीक शहरांची नाणी, थोडे सिग्लॉस आणि त्यांच्या जोडीला वाकड्या पट्ट्या. भीर टेकाडाच्या १९२४ च्या साठ्यात पट्ट्यांबरोबर अलेक्झांडर आणि त्याच्यानंतर गादीवर आलेला सावत्र भाऊ फिलिप अर्‍हिडियस यांची जवळजवळ न वापरलेली नाणी होती. म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीसही पट्ट्या चलनात होत्या. पुढे मौर्यांचे पाच ठशांचे, सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचे कार्षापण आले आणि पट्टी मागे पडली. तक्षशिलेच्या या साठ्यांतली नाणी एकेक तोलून, हातोहात फिरताना चांदी किती झिजते याचे गणित मांडले ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. वजनाचा काटा हे इतिहासाचे साधन कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

घेण्यापूर्वी तपासणी

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, दहापट भिंग आणि एक पेला पाणी पुरते. आमच्या दुकानात तिन्ही ठेवलेली असतात, मागून घ्या.

आधी कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पाण्यात भांडी धुण्याच्या द्रावणाचा एक थेंब टाका, नाहीतर नगाला बुडबुडे चिकटतात आणि हिशेब चुकतो. बारीक दोऱ्याने पट्टी पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळती धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ११.३० ग्रॅमच्या पट्टीला १.१० आकडा आला तर घनता १०.२७. शुद्ध चांदी १०.४९, थोडे तांबे मिसळलेली दहाच्या वर राहते. आकडा १.२० च्या पुढे गेला तर आत तांबे आहे किंवा धातूच हलका आहे. १.०८ पेक्षा बराच कमी आला तर शिशाचा संशय घ्या. आतून भेगाळलेला खरा नगही थोडा हलका भासतो, म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देऊ नका. आणि भेग वरून दिसत असेल तर नग पाण्यात घालूच नका, आत ओल राहते. छोट्या, १.४ ग्रॅमच्या नाण्यांवर ही चाचणी करू नका: तिथे आकडा ०.१३-०.१४ येतो आणि काट्याची एका शतांशाची चूकसुद्धा सात-आठ टक्क्यांची होते.

ही चाचणी चांदी सांगते, वय सांगत नाही. आजच्या चांदीत ओतलेली नक्कल पाण्यात पास होते. तिथे भिंग लागते. ठसा मारल्यावर धातू बाजूला सरकतो, म्हणून खऱ्या नगात ठशाच्या कडेला चांदी किंचित वर आलेली असते, पाठीवर त्याच जागी सपाटी किंवा फुगवटा दिसतो आणि पट्टीचे टोक तिथे थोडे रुंदावते. ओतीव नगात ठशाच्या तळाशी बारीक छिद्रे असतात, कडा गोलसर मऊ असतात आणि कधी काठावरून साच्याची रेघ धावते. खऱ्या पट्टीच्या लांब कडांवर छिन्नीने तोडल्याच्या खुणा हव्यात. दोन नगांची लांबी, वाक आणि ठशांचा कोन तंतोतंत सारखा असेल तर दोन्ही नाकारा. हाताने तोडून हाताने ठोकलेली चांदी दोनदा सारखी होत नाही.

सराफाकडे कसोटीवर घासून पाहू नका. कस कळतो, पण नगावर कायमचा ओरखडा राहतो. आणि पट्टी सरळ करायचा मोह तर अजिबात नको: इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, ती वाकत नाही, मोडते.

नावांचे घोळही लक्षात ठेवा. धनुर्धारी राजाचे सिग्लॉस आणि सोन्याचे डॅरिक ही सम्राटाची नाणी मुख्यतः आशिया मायनरच्या पश्चिम भागात चालली. ‘गांधार क्षत्रपीचे नाणे’ म्हणून सिग्लॉस पुढे केला तर नाणे खरे असले तरी चिठ्ठी चुकीची आहे. तसेच नाशिकजवळ जोगळटेंभीला ज्याची नाणी हजारोंनी सापडली तो नहपान क्षत्रप म्हणवत असला, तरी तो हखामनींच्या नंतर चार-पाचशे वर्षांनी झाला. त्याचा या प्रांताशी संबंध जोडू नका.

सांभाळ

काळपटपणा राहू द्या. लिंबू, चिंच, मीठ-सोडा, भांड्यांची पावडर यांनी चांदी चमकते, पण वरचा थर जातो आणि त्याबरोबर जुनेपणाची खूणही. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नग ठेवला तर काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. तो आलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून, न घासता, हवेवर वाळवा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस किंवा निरंजन पेटलेले नको. नखांचे रंग काढायचे द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. ठेवायला पॉलिएस्टरचे पाकीट किंवा आम्लविरहित कागद वापरा. रबरबँड आणि वर्तमानपत्र दूर ठेवा, त्यांनी चांदी काळी पडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी हवीच; तिचे दाणे रंग बदलले की ती बदला.

कागदपत्रे

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशात राहणाऱ्या नातलगाला भेट म्हणूनही नाही, टपालानेही नाही. जमिनीत सापडलेले नाणे कुणी विकायला आणले तर घेऊ नका. १८७८ च्या निखातनिधी कायद्याखाली ते आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गांधारच्या नगांबाबत आणखी एक गोष्ट: १९९० च्या दशकातल्या यादवी युद्धात काबूलचे संग्रहालय लुटले गेले आणि चमन-इ-हजूरीची तिथली नाणी नाहीशी झाली. म्हणून विकणाऱ्याकडे जुने बिल, लिलावाची नोंद किंवा आधीच्या संग्रहाची चिठ्ठी मागा. काहीच नसेल तर नग कितीही सुंदर असो, परत करा.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक पट्टीच्या बिलावर कोरडे वजन, पाण्यातला आकडा, लांबी आणि दोन्ही बाजूंचा फोटो असतो. बिल नगाबरोबर ठेवा आणि पुढे कुणाला दिलात तर नगासोबत तेही द्या.