निवृत्तांचं स्वयंसेवन : संधी शोधण्याच्या वाटा कशा तयार झाल्या

निवृत्तीनंतर समाजकार्य करावं, ही कल्पना जुनी वाटते. पण ठरावीक वयाला काम थांबवणारा एवढा मोठा वर्ग मुळात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला आहे. जर्मनीत 1889 साली बिस्मार्कच्या राजवटीत वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला, तेव्हा पेन्शनचं वय होतं 70. ते 65 वर आलं 1916 मध्ये. ब्रिटनच्या 1908 च्या कायद्यातही 70 च होतं, तर अमेरिकेने 1935 मध्ये 65 ठरवलं. त्या वयाला पोहोचणारेच थोडे, त्यात धडधाकट असणारे आणखी थोडे. आयुर्मान वाढत गेलं तशी हातात दहा-पंधरा रिकामी वर्षं येऊ लागली आणि त्यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला.

पहिलं उत्तर निघालं ते विरंगुळ्याचं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 1943 मध्ये ज्येष्ठांचं केंद्र सुरू झालं आणि पुढे त्याच धर्तीवर अनेक निघाली. सोय चांगलीच होती, पण तिथे ज्येष्ठ म्हणजे सेवा घेणारा.

सेवा देणारा ज्येष्ठ योजनांमध्ये ठळकपणे दिसू लागला 1960 च्या दशकात. अमेरिकेत 1964 मध्ये निवृत्त व्यावसायिकांना छोट्या उद्योजकांशी जोडणारी ‘स्कोअर’ ही योजना आली. पुढच्याच वर्षी गरजू मुलांना ज्येष्ठांची माया आणि सोबत देणारी ‘फॉस्टर ग्रँडपेरेंट’ सुरू झाली आणि तिची आखणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. एका ज्येष्ठाकडे साधारण दोन मुलं, प्रत्येकासाठी रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे 20 तास. योजना कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी असल्यामुळे थोडं मानधनही होतं. पैसे घेतले तर ते स्वयंसेवन कसलं, असा आक्षेप आजही घेतला जातो. पण खिशाला परवडत नाही म्हणून घरी बसणाऱ्यांना दार उघडलं ते त्या मानधनानेच.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एका समाजसेवी संस्थेने ‘सर्व्ह’ नावाचा प्रयोग केला. ज्येष्ठांना एकेकटं न पाठवता गटाने पाठवायचं, जाण्या-येण्याची सोय करायची आणि काम आधी ठरवून द्यायचं. यातून 1971 मध्ये निवृत्तांच्या स्वयंसेवनाची ‘आरएसव्हीपी’ ही राष्ट्रीय योजना उभी राहिली. ज्येष्ठांना इच्छा नसते म्हणून ते येत नाहीत, हा समज चुकीचा आहे. बस मिळत नाही, अनोळखी ठिकाणी एकटं जायला नको वाटतं, आणि गेल्यावर ‘बसा जरा, काही लागलं तर सांगतो’ म्हणतात. तिसऱ्यांदा तसं झालं की माणूस यायचा थांबतो.

अंगात कसब असेल तर वय आड येत नाही, याचं एक उदाहरण मुंबईतलंच. परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सरकारी संस्थेला वयाची वरची मर्यादा नव्हती. लिलियन कार्टर या प्रशिक्षित परिचारिका 1966 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी तिच्यातर्फे विक्रोळीत आल्या आणि सुमारे दोन वर्षं आरोग्यसेवेत राबल्या. त्यांचा मुलगा जिमी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये ज्येष्ठांविषयीची तत्त्वं मान्य केली. आवडीला आणि क्षमतेला साजेसं स्वयंसेवी काम ज्येष्ठांना शोधता यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नव्वदच्या दशकातच अमेरिकेतल्या ‘एक्स्पीरियन्स कोअर’ने ज्येष्ठांना गटागटाने प्राथमिक शाळांत नेलं. बाल्टिमोरमधल्या प्रयोगात आठवड्याला किमान 15 तासांची अट होती. अधूनमधून येणाऱ्या माणसाशी मूल जोडलं जात नाही आणि शिक्षकही त्याच्यावर विसंबून आखणी करत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण.

मग इंटरनेट आलं. अमेरिकेत 1998 मध्ये स्वयंसेवक आणि संस्थांची गाठ घालून देणारं ‘व्हॉलंटिअरमॅच’ हे संकेतस्थळ सुरू झालं. दोन वर्षांनी सुरू झालेल्या ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’मुळे घरबसल्या जुन्या पुस्तकांची पानं तपासता येऊ लागली, तर 2007 पासून ‘गॅलक्सी झू’वर दीर्घिकांचं वर्गीकरण. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठीच सोय. मात्र पूर्वी समन्वयक माणूस पाहून काम सुचवायचा, ते जुळवणं आता शोधणाऱ्यावर आलं. जाहिरात महिनोन्‌महिने जुनी असते, अर्ज कोणी उघडत नाही. म्हणून अर्ज पाठवून आठवडाभरात उत्तर आलं नाही तर सरळ फोन करावा, आणि एका वेळी तीन-चार ठिकाणी चौकशी ठेवावी.

चौकशी करताना ‘काहीही करीन’ म्हणू नये. अशा माणसाच्या वाट्याला पाकिटं चिकटवणंच येतं. ‘तीस वर्षं हिशेब पाहिले, मंगळवार-गुरुवार सकाळी तीन तास देऊ शकतो, जिने चढणं जमत नाही’ असं सांगितलं की समोरच्याला जागा सुचते. मग विचारायचं : काम लेखी आहे का, रोज कोणाला भेटायचं, प्रवासखर्च मिळतो का, आजारी पडलो तर बदली कोण. सुरुवातीला सहा आठवड्यांचीच बोली करावी, म्हणजे न जमल्यास दोघांनाही अवघडायला होत नाही.

मुलांबरोबर किंवा परावलंबी माणसांबरोबर काम असेल तर पार्श्वभूमी पडताळणी येतेच. ब्रिटनमध्ये 2002 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि स्वयंसेवकांना ती मोफत ठेवली गेली. पडताळणीला काही आठवडे लागू शकतात. जुन्या पत्त्यांचे पुरावे सापडत नाहीत किंवा कागदांवर नावाची वेगवेगळी रूपं असतात, तिथेच अर्ज अडतो. ते कागद आधी जुळवून ठेवावेत. संस्थेच्या विम्यात वयाची मर्यादा आहे का, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. विशेषतः गाडी चालवण्याचं काम असेल तर, कारण ही अट बऱ्याचदा प्रशिक्षण पुरं झाल्यावर कळते.