पिकअप नवी की जुनी: पार्श्वभूमी इंजिनांची

हंगामात भल्या पहाटे नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजारात उभं राहिलं, की डोळे मिटूनही तीन-चार पिढ्यांची इंजिनं ओळखू येतात. टाटांची जुनी ४०७ खडखडत येते, मागून बोलेरो पिकअप, मध्येच छोटा हत्ती, आणि त्यांच्यात एखादी कोरी बीएस-६ गाडी (म्हणजे प्रदूषणाच्या २०२०च्या नियमांत बसणारी), जिचा धूर दिसत नाही आणि आवाजही बेताचाच. पिकअप घ्यायला निघालेला शेतकरी किंवा ट्रान्सपोर्टवाला मात्र विचारतो एवढंच: नवी घेऊ की जुनी? हा प्रश्न मला अपुरा वाटतो. २००८ची जुनी, २०१६ची जुनी आणि २०२१ची जुनी या तीन निरनिराळ्या जातींच्या गाड्या आहेत. त्यांची दुरुस्ती वेगळी, त्यांना मानवणारं काम वेगळं, त्यांचा खर्च निघतो ती वेळही वेगळी. हा फरक कसा पडत गेला ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मालवाहू छोट्या गाडीला आपण सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. हे मुळात हॅम्बुर्गच्या ‘फिडाल उंड झोन’ या कंपनीच्या गाड्यांचं नाव. तिच्याशी करार करून १९५८मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, आधी तीनचाकी आणि पुढे मॅटाडोर आली, आणि पुण्याच्या आकुर्डीतून हे नाव गावोगाव इतकं पसरलं की ते गाडीच्या प्रकाराचंच नाव होऊन बसलं. पुढे याच कंपनीने मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतलं. ‘मर्सिडीजचं इंजिन आहे’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही अभिमानाने उच्चारलं जातं, ते इथून आलं.

दुसरी वाट जीपची. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पेट्रोल इंजिन होतं. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं, आणि जीपच्या सांगाड्यात डिझेल इंजिन बसवण्याची गरज भासू लागली. तेव्हा हाताशी होतं ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बनणारं ट्रॅक्टरचं इंजिन. १९७९मध्ये प्यूजोशी करार झाला आणि २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन आलं. महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्याचं नाव या इंजिनांशी जोडलं गेलं ते कायमचंच.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २,५२३ सीसीचा आकडा. बोलेरो पिकअपच्या इंजिनाची क्षमता एवढीच. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०१.६ मिलिमीटर. इंचांत मांडलं तर बरोबर साडेतीन आणि चार. ट्रॅक्टरसाठी बनलेल्या इंटरनॅशनलच्या बीडी-१५४ इंजिनाची मापंही हीच होती. मधल्या काळात इंधन फवारण्याची पद्धत बदलली, टर्बो आला, संगणक आला, पण माप शेतातलंच राहिलं. कमी फेऱ्यांत जोर देणारं, घाटात दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता ओढणारं इंजिन गावाकडे का टिकलं, याचं बरंचसं उत्तर या मापात आहे.

टाटांची गोष्ट वेगळी. १९८०च्या दशकात डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निसान आणि आयशर मित्सुबिशी या जपानी सहकार्याच्या चार कंपन्या हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. त्यांना तोंड द्यायला टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९८६मध्ये ४०७ आणली. दोन वर्षांनी टाटामोबाइल आली, १,९४८ सीसीच्या इंजिनाची खरीखुरी पिकअप. पुढच्या २०७ डीआयमध्ये २,९५६ सीसीचं ४९७ इंजिन बसलं. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. मेकॅनिक आजही ‘फोर नाइंटी सेव्हन’ एवढंच म्हणतो आणि समोरच्याला पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत सगळं कळतं.

मग मे २००५मध्ये पुण्यातून टाटा एस आली. ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं ते प्रेमानेच. तीनचाकी चालवणाऱ्या माणसाला चार चाकं परवडू लागली, हे तिचं मोठं काम. पण पाऊण टनाच्या गाडीत दीड टन भरण्याची सवयही तेव्हाच रुळली, आणि आज जुना छोटा हत्ती बघताना इंजिनाच्या आधी चेसिसला तडा आहे का, पाटे बसलेत का, हे पाहावं लागतं ते त्यामुळे.

या सगळ्या जुन्या इंजिनांना जोडणारा एक धागा होता: पंप आणि नोझल. डिझेल पंप इंजिनाच्या गतीवर फिरायचा, ठरलेल्या दाबाला नोझल उघडायचं, इंधन फवारलं जायचं. कुठे वायर नाही, कुठे सेन्सर नाही. नाशिककरांना ‘मायको’ म्हटलं की सातपूर आठवतं. तिथल्या कारखान्यात हीच नोझलं बनत. तालुक्याच्या गावात पंप-नोझलचं दुकान, त्यात कॅलिब्रेशनचं यंत्र, आणि ते चालवणारा, आवाजावरून दोष सांगणारा कारागीर. डिझेलमध्ये थोडी भेसळ असली तरी गाडी काळा धूर सोडत का होईना घरी पोचवायची. जुन्या गाडीबद्दलचा आपल्याकडचा विश्वास याच काळात घडला, आणि तो खोटा नव्हता.

तो विश्वास बदलायला लावला प्रदूषणाच्या टप्प्यांनी. २०००मध्ये पहिले युरो धर्तीचे नियम आले, मग भारत स्टेज, म्हणजे बीएस. २०१०मध्ये देशभर बीएस-३ आणि १३ शहरांत बीएस-४ लागू झालं. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. म्हणजे त्या टप्प्यात सोलापूर शहरात एक नियम आणि शेजारच्या उस्मानाबादेत दुसरा. म्हणूनच २०१० ते २०१७ या काळातल्या गाडीचं नुसतं वर्ष पाहून टप्पा कळत नाही. परिवहन खात्याची नोंद उघडून बघावी लागते.

२९ मार्च २०१७ हा दिवस जुन्या गाड्यांच्या व्यवहारात अजून जिवंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली. दुचाकी धरून सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या तेव्हा विक्रीविना उभ्या होत्या. पुढच्या दोन दिवसांत सवलतींचा पाऊस पडला. मार्च २०१७च्या नोंदणीची पिकअप दिसली, तर ती त्या पावसातली असण्याची शक्यता बरीच. ती वाईट असते असं नाही. पण तिचा मालक ‘२०१७चं मॉडेल’ म्हणून भाव सांगत असेल, तर एप्रिल २०१७ची बीएस-४ गाडी आणि ही यांतला फरक दरात दिसायला हवा.

बीएस-४ बरोबर मोठ्या पिकअपमध्ये कॉमन रेल सर्रास झाली. अशोक लेलँडच्या दोस्तमध्ये ती २०११पासूनच होती. एका पंपाने एका नळीत प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवायचं आणि कोणत्या क्षणी किती फवारायचं ते संगणकाने ठरवायचं, अशी ही पद्धत. ओढ वाढली, ॲव्हरेज वाढलं, थंडीत गाडी चटकन सुरू होऊ लागली. पण इंजेक्टरची छिद्रं इतकी बारीक की डिझेलमधलं पाणी किंवा कचरा त्याला मुळीच सोसत नाही. फिल्टर वेळेवर न बदललेली कॉमन रेल गाडी स्वस्तात मिळाली, तर चार इंजेक्टरांचा खर्च त्या स्वस्ताईत धरलेलाच आहे असं समजावं.

१ एप्रिल २०२०ला बीएस-५ वगळून थेट बीएस-६ आलं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर उतरलं. बीएस-३च्या काळात ते ३५० होतं. धुराच्या नळकांड्यात काजळी पकडणारी गाळणी बसली, तिला सगळे डीपीएफ म्हणतात. काही गाड्यांना युरियाचं द्रावणही लागतं. हवा स्वच्छ झाली हे फार मोलाचं आहे. बाजारात पहाटे चार तास उभं राहणाऱ्या हमालाला विचारा.

डीपीएफचं गणित मात्र नीट समजून घ्यायलाच हवं. गाळणीत साचलेली काजळी इंजिन स्वतःच जाळतं, पण त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि ती मिळते गाडी बराच वेळ सलग, एका चालीने पळाली तर. जुन्नरहून वाशीच्या मार्केटला रोज जाणाऱ्या गाडीचा डीपीएफ आपोआप साफ राहतो. घर, शेत, दूध डेअरी, किराणा अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत काजळी साचतच जाते. दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, काजळी जाळण्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. म्हणून ज्याची धाव छोटी आहे त्याने डिझेलचाच हट्ट का धरावा, हे मला कळत नाही. पेट्रोल किंवा सीएनजीची छोटी गाडी त्या कामाला पुरते. जुनी बीएस-६ घेताना पहिला प्रश्नही हाच: ही आधी कोणत्या मार्गावर चालली? ५० हजार किलोमीटर गल्लीबोळांत काढलेल्या गाडीपेक्षा दीड लाख किलोमीटर महामार्गावर पळालेली गाडी मी आनंदाने घेईन. डीपीएफ काढून टाकलेली गाडी मात्र कितीही स्वस्त असो, हात लावू नये. ते बेकायदा आहे, आणि काढलेल्या गाळणीची काजळी शेवटी गावाच्याच छातीत जाते.

कागदांचीही अशीच पार्श्वभूमी आहे. मालवाहू गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांना २०१०पासून पर्यावरण करही आहे. त्यामुळे सात वर्षांची गाडी घेणाऱ्याने भाव सात वर्षांचा दिला, तरी खर्च आठ वर्षांवरच्या गाडीचा धरावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये. मार्च-एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत अडकलेल्या बीएस-४ गाड्यांच्या नोंदणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, म्हणून त्या काळातली नोंदणी दोनदा तपासावी.

नव्या गाडीचं पारडं अलीकडे जड झालं ते करामुळे. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी उतरली की जुनीनेही उतरावं हे उघड आहे, पण विकणारा जुन्या भावावर अडून राहतो, आणि घासाघीस करताना हा आकडा घेणाऱ्याच्या तोंडी असला पाहिजे.

बीएस-६ची पहिली खेप २०२८मध्ये आठ वर्षांची होईल. तेव्हा त्या गाड्या दरवर्षी पासिंगला उभ्या राहतील, पर्यावरण कर भरतील आणि तालुक्याच्या बाजारांत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातील. पंप-नोझलच्या दुकानातला कारागीर आवाजावरून दोष सांगायचा. आता त्याच टपरीत लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन त्याचा मुलगा बसलेला मी काही गावांत पाहिला आहे. तुमच्या गावात तसा कोणी आहे का, हे जुनी बीएस-६ घेण्याआधी विचारून ठेवा.