मागणी वक्र उतरतो, पण घटत्या उपयोगितेमुळे नव्हे

'पुढच्या प्रत्येक नगाची उपयोगिता घटते, म्हणून मागणी वक्र खाली उतरतो.' हे वाक्य अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात डोक्यात बसतं आणि पुढे हटता हटत नाही. (उपयोगिता म्हणजे वस्तूतून मिळणारं समाधान; मागणी वक्र म्हणजे कोणत्या किंमतीला किती मागणी हे दाखवणारी रेषा.) पण ते चूक आहे.

गणित करूनच बघा. क्ष आणि य हे दोन वस्तूंचे नग धरा, आणि उपयोगिता = क्ष × य. य तेवढाच ठेवून क्ष कितीही वाढवा, क्षची सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एका नगाने पडणारी भर, य एवढीच राहते. उत्पन्न १२० असेल तर निम्मं क्षवर खर्च होतं: किंमत २ असताना मागणी ३०, किंमत ३ झाली की २०. वक्र उतरलाच की! आता याच फलनाचा, म्हणजे उपयोगितेच्या सूत्राचा, वर्ग करा. सीमांत उपयोगिता चक्क वाढती होते, मागणी मात्र तीच, ३० आणि २०. वर्गाने आकडे बदलले, पसंतीक्रम नाही. आणि निवड ठरते ती क्रमावरून.

अर्थतज्ज्ञ स्लुट्स्कीने १९१५ मध्येच किंमतबदलाच्या परिणामाची दोन भागांत फोड केली होती. पर्यायता परिणाम (वस्तू इतरांच्या तुलनेत महागल्याने निवडीत होणारा बदल) महागलेल्या वस्तूकडे कधीच ओढत नाही. उत्पन्न परिणाम (खरेदीशक्ती घटल्याने होणारा बदल) मात्र उलटा आणि जबर निघाला, तर किंमतीबरोबर मागणीही वाढते. तीच गिफेन वस्तू.

जुना नियम अगदीच टाकाऊ नाही म्हणा. एकूण उपयोगिता म्हणजे नुसती वस्तूची उपयोगिता अधिक उरलेले पैसे, अशा फलनात तो बरोबर उत्तर देतो.