नळीवर नळी बसवताना

गोल नळीचं तोंड सरळ कापून ती दुसऱ्या गोल नळीच्या पाठीवर काटकोनात उभी करून पाहा. ती दोनच ठिकाणी टेकते आणि बाजूंनी आरपार उजेड दिसतो. दोन्ही नळ्या ३८ मिमी व्यासाच्या असतील तर कडेची फट तब्बल १९ मिमी, म्हणजे त्रिज्येएवढी होते. एवढी फट वेल्डिंगने बुजवायला जाणं म्हणजे जोड बिघडवणंच. म्हणून उभ्या नळीच्या तोंडाला खोगिरासारखी खाच घ्यावी लागते. ही खाच नेमकी कुठल्या आकाराची, हे कळलं की कागद, कात्री, ग्राइंडर आणि अर्धगोल कानस एवढ्यावर घरच्या घरी उत्तम जोड तयार होतो.

उभ्या नळीभोवती कागद गुंडाळा. ३८ मिमीच्या नळीला तो ११९.४ मिमी लांब लागेल. त्याचे १२ सारखे भाग करून रेघा मारा आणि एका टोकापासून क्रमाने ०, ९.५, १६.५, १९, १६.५, ९.५, ० मिमी उंचीवर खुणा करा. उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा हेच आकडे. खुणा जोडल्या की दोन कमानी दिसतात; त्यांच्याखालचा भाग कापला की खाच तयार. नीट पाहिलं तर हे आकडे म्हणजे १९ गुणिले ०, ३०, ६० आणि ९० अंशांची साइन, अर्थात आर्यभटांची ज्या! सारख्या व्यासाच्या दोन नळ्या काटकोनात भेटतात तेव्हा छेद दोन सपाट प्रतलांत पडतो. नळीवर तो लंबवर्तुळाचा तुकडा असतो आणि कागद उलगडला की त्याचीच साइनची लाट होते. शाळेत फळ्यावर पाहिलेली लाट लोखंडाच्या नळीवर सापडते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

उभी नळी बारीक असेल तर खाच झपाट्याने उथळ होते. आडवीच्या त्रिज्येच्या वर्गातून उभीच्या त्रिज्येचा वर्ग वजा करायचा, वर्गमूळ काढायचं आणि ते आडवीच्या त्रिज्येतून वजा करायचं. ३८ मिमीवर २५ मिमीची नळी बसवताना खाचेच्या खोलीचं उत्तर येतं फक्त ४.७ मिमी.

आता जाडीचा प्रश्न, आणि नवखे हात नेमके इथेच फसतात. कागदाची रेघ नळीच्या बाहेरच्या अंगावर असते, पण नळीला २ मिमी जाडीही असते. रेघेवर सरळ आत कापलं तर खाचेच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या ‘कानां’ची आतली कड आधी अडते आणि ३८ मिमीची नळी तब्बल ८.५ मिमी वरच लटकते. रेघ चुकली असं वाटून लोक खाच आणखी खोल करतात आणि नळी आखूड होते. खरं तर कानांना फक्त आतून उतार द्यायचा असतो. तो दिला की टोकं कागदासारखी पातळ होतात आणि वेल्डिंगच्या ठिणगीत वितळून जातात, म्हणून मी ती थोडी छाटून टाकतो.

पातळ कड एवढ्या लवकर का जळते? पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळतं. जाड भागात उष्णता आजूबाजूला पसरते. पातळ कडेला ती पळायला वाटच नसते. फट असेल तर दोन्हीकडच्या कडा मागे वितळत जातात आणि फट वाढतच राहते. ती भरायला जास्त धातू ओतावा लागतो, आणि थंड होताना तो जितका जास्त तितका जास्त आकसून नळीला स्वतःकडे खेचतो. वाकडी झालेली चौकट बहुतेक वेळा वाकड्या खाचेतून आलेली असते.

होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची दातेरी कडेची गोल वाटी, वापरलात तर जाडीचा हिशेब आपोआप सुटतो, कारण कापणारा दंडगोलच आडव्या नळीच्या व्यासाचा असतो. मात्र ३८ मिमीला मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरेच हवेत, सोबत कटिंग ऑइल. दात सुरुवातीला एकाच कडेला लागतात आणि नळी बाजूला ढकलतात. ती घट्ट आवळलेली नसेल तर ड्रिल हातातून हिसकलं जातं.

दोन्ही टोकांना खाच हवी असेल तर नळी अँगलच्या, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीच्या, खोबणीत ठेवून अँगलच्या कडेने लांबीभर एक रेघ ओढा. दोन्ही खुणा त्याच रेघेपासून मोजल्या की खाचा एकमेकींच्या तुलनेत फिरत नाहीत. नळीवर जस्ताचा मुलामा असेल तर तो जोडाजवळ आधी घासून काढायलाच हवा: जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने ताप येतो. नळी दोन्हीकडून बंद होणार असेल तर हवेसाठी एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आतली तापलेली हवा वेल्डिंगच्या शेवटच्या टोकातून वितळलेला धातू उडवून बाहेर पडते.

मग एक टाका, म्हणजे वेल्डिंगचा छोटा ठिपका, मारायचा, दुसरा बरोबर समोर, उरलेले दोन त्यांच्या मधोमध, आणि प्रत्येक टाक्यानंतर गुण्या लावून काटकोन पाहायचा. चार टाके होईपर्यंत नळी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सरळ करता येते. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर मात्र ती जागची हलत नाही.