मानवी स्त्रीबीज आणि त्याला वाढवणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत मानवी स्त्रीबीज घडवण्याची चर्चा निघाली की सगळ्यांचे लक्ष बीजाकडे जाते. संशोधन मात्र बराच काळ अडले होते ते त्याच्या भोवतालच्या पेशींपाशी. बीजाला वेढून असलेल्या ग्रॅन्युलोसा पेशी त्याला अक्षरशः भरवतात. ग्लुकोज थेट वापरण्याची बीजाची क्षमता तुटपुंजी असल्यामुळे या पेशी ते पचवून पायरुव्हेटच्या रूपात पुरवतात, आणि बीजाचे विभाजन योग्य वेळेपर्यंत थोपवून धरणारा रेणूही त्यांच्याकडूनच बीजात झिरपतो. शिवाय बीजनिर्मितीचा पहिला टप्पा मुलगी आईच्या पोटात असतानाच उरकतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास 60 ते 70 लाखांवर गेलेली बीजपेशींची संख्या जन्मापर्यंत 10 ते 20 लाखांवर येते, आणि ही घसरण जिवंत अवस्थेत पाहण्याची सोय कुणालाच नाही.

उंदरांच्या बाबतीत मूलपेशींपासून (कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींपासून) बीज आणि त्यापासून पिल्ले, हे 2012 मध्ये जपानमध्ये साधले. 2016 मध्ये संपूर्ण प्रक्रिया काचपात्रात आली, तरी बीजाला वेढणाऱ्या आधारपेशी उंदराच्या गर्भातूनच घ्याव्या लागत होत्या.

खरा वाद 2018 मध्ये मानवी पेशींसाठी उंदराच्या आधारपेशी वापरण्याच्या निर्णयावर आहे. जपानी संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून केलेल्या आदिजननपेशी (ज्यांच्यापासून पुढे बीज घडते त्या अगदी सुरुवातीच्या पेशी) उंदराच्या गर्भातील अंडाशयाच्या पेशींत मिसळल्या आणि सुमारे चार महिने जोपासल्या. त्या बीजाच्या पूर्वावस्थेपर्यंत पोहोचल्या, पण तेथेच थांबल्या. निर्णयामागे व्यवहार होता, कारण मानवी गर्भाच्या ऊती मिळणे दुरापास्त आणि नैतिकदृष्ट्या वादग्रस्त असते. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा ऊती वापरणाऱ्या संशोधनाच्या सरकारी निधीवर निर्बंध आणले आणि ते 2021 मध्ये मागे घेतले. पण उंदराची गर्भावस्था तीन आठवड्यांच्या आत संपते, तर मानवी बीजपेशी अर्धसूत्री विभाजनाला (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाला) लागण्यासच दहा-अकरा आठवडे जातात. मग पेशी थांबल्या त्या स्वतःच्या संथ घड्याळामुळे, की परक्या प्रजातीचे संदेश त्यांना नीट न उमगल्यामुळे? दोन्ही कारणे एकाच पात्रात मिसळली असताना त्या प्रयोगातून याचा निवाडा होणे शक्यच नव्हते. पहिले पाऊल म्हणून तो निर्णय समर्थनीय होता; त्यावरून मानवी विकासाचे वेळापत्रक मांडणे मात्र घाईचे ठरले असते.

2021 मध्ये उंदराच्या आधारपेशीही मूलपेशींपासून तयार झाल्या, आणि त्याही गर्भातील वाटचालीचा एकेक टप्पा गिरवून. मानवी पेशींसाठी अमेरिकेत वेगळी वाट धरली गेली: ठरावीक नियामक जनुके सक्रिय करून मूलपेशींना थेट ग्रॅन्युलोसासारखे बनवायचे. हे काम 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. या पेशी अँड्रोजन या संप्रेरकापासून इस्ट्राडिओल हे स्त्री-संप्रेरक तयार करत होत्या, मानवी आदिजननपेशींना पुढच्या अवस्थेकडे नेत होत्या आणि फॉलिकलसारख्या (बीज आणि त्याभोवतालच्या पेशींच्या पिशवीसारख्या) रचनाही घडवत होत्या. वाट जवळची आहे, परंतु मधले टप्पे गाळून बनलेली पेशी गर्भातल्या पेशीची हुबेहूब प्रतिकृती मानता येत नाही, आणि स्त्रीबीजाच्या विकासाचा अभ्यास करायचा तर नेमके तेच मधले टप्पे महत्त्वाचे असतात.

2024 मध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. अंडाशयाची एकही पेशी सोबत नसताना, केवळ एका वाढघटकाच्या संकेतावर मानवी आदिजननपेशी बीजपूर्व अवस्थेपर्यंत गेल्या आणि प्रचंड संख्येने वाढल्या. सुरुवातीच्या टप्प्यापुरती आधारपेशींची गरज त्यामुळे संशयास्पद ठरली. फॉलिकल मात्र ग्रॅन्युलोसा पेशींवाचून बनत नाही.