दुर्गा खोटे आणि कंपनीचा पगार

दुर्गा खोटे (1905–1991) यांच्याविषयी लिहिताना सुखवस्तू माहेर, सेंट झेवियर्समधलं शिक्षण आणि ‘चांगल्या घरची बाई सिनेमात’ हा गदारोळ, एवढ्यातच बहुतेकांची शाई संपते. त्यांच्या कारकिर्दीला वळण लागलं ते पगारपत्रकापाशी, आणि त्याची चर्चा कमीच होते.

1932 चा ‘अयोध्येचा राजा’ घ्या. पार्श्वगायन अजून यायचं होतं. तारामतीने, म्हणजे दुर्गाबाईंनी, गायचं ते सेटवरच, कॅमेरा चालू असताना, साजिंदे चौकटीबाहेर. कुणी खोकलं, वाद्य चढलं किंवा नटाने माइककडे पाठ फिरवली की अख्खा टेक बाद, कारण आवाज मागाहून बदलायची सोय नव्हती. शिवाय चित्रपट द्विभाषी: मराठीत झालेला प्रसंग हिंदीतही घ्यायचा. एवढ्या तालमींना माणसं हाताशीच हवीत, म्हणून कंपन्या नटांना महिन्याच्या पगारावर ठेवत. काम असो-नसो हजेरी लावायची, आणि बाहेर काम करायचं नाही.

दुर्गाबाई या बंधनात अडकून पडल्या नाहीत. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढणारी कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी, 1933 मध्ये कलकत्त्यात ‘राजरानी मीरा’, 1934 मध्ये तिथल्याच दुसऱ्या कंपनीची ‘सीता’, आणि 1936 मध्ये ‘अमरज्योती’साठी पुन्हा प्रभातचीच मंडळी, जी तोवर पुण्याला आली होती. म्हणून त्यांना ‘पहिली फ्रीलान्स नटी’ म्हणतात. ‘पहिली’वर हुज्जत घालता येईल. कंपनी सोडून जाणारे नट होतेच. पण ते एका पगारावरून दुसऱ्या पगारावर जात. इथे करार एकेका चित्रपटापुरता, आणि बाहेर काम करूनही जुन्या कंपनीत मानाने परत येता आलं. या परतण्याला फारसं महत्त्व दिलं जात नाही, ते चूक आहे.

सौदा फुकटचा नव्हता. पगारदाराला रिकाम्या महिन्याचेही पैसे मिळत. चित्रपटापुरत्या करारावरच्या कलाकाराला तारखा स्वतः जुळवाव्या लागत. एक चित्रपट लांबला की पुढच्याचं गणित कोलमडे. पण पगारही सुखाचा होता असं नाही. 1939 मध्ये पुण्याच्या त्याच कंपनीच्या फाटकाशी एक आघाडीची अभिनेत्री उपोषणाला बसली, तो वादही मुळात कंपनी आणि तिच्याशी बांधलेला कलाकार यांच्यातलाच. पुढे युद्धकाळात बाहेरचा पैसा सिनेमात आला, चित्रपटागणिक मोबदला सरसकट झाला आणि 1953 पर्यंत ती कंपनीही बंद पडली.

रंगभूमीवरही दुर्गाबाईंचं काम गाजलं: ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई आणि 1954 च्या ‘राजमुकुट’मधली लेडी मॅकबेथची भूमिका. सुरुवातीच्या बोलपटांत लांबलचक टेक एका दमात काढायची सवय तिथे कामी आली असावी. 1960 च्या ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई मात्र सगळ्यांना पाठ आहे. 1983 चा फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा त्या जाहिरातपट आणि लघुपट काढणाऱ्या स्वतःच्या संस्थेच्या मालकीण होत्या. 1988 ची ‘वागळे की दुनिया’ ही दूरदर्शन मालिका त्याच संस्थेची.